जावई गोलात उभा

लोक देवाकडे जिंकणं मागतात. मी एकदा भर पावसात, लेकीच्या गावच्या मैदानावर उभी राहून मारोतीकडे बरोबरी मागितली. त्यालाही ते नवीनच असावं. द्यायला त्यानं फार उशीर लावला.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मधूनच सुरू झाली.

आमचं गाव रोहिणखेडच्या अंगाला. गावात कपाशी होते, सोयाबीन होतं, मिरची होते आणि फुटबॉल होतो. हे चौथं पीक माझ्या चुलत दिरानं आणलं. तो फौजेत होता. सुटून आला तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध एक फुटबॉल ठेवून आणला, आणि बाजाराच्या मोकळ्या जागेत त्यानं पोरांना पळवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, फौजी माणूस आहे, हळूहळू उतरेल खूळ. उतरलं तर नाहीच, उलट गावाला चढलं. आज त्याची पन्नाशी उलटली, पोट पुढे आलं, तरी तो अजून संघात आहे. मागे, आपल्या गोलच्या जवळ उभा राहतो. मैदानाची मधली रेघ कधी ओलांडत नाही. "तिकडं जाणं सोपं हाये वहिनी," म्हणतो, "परत यावं लागते ना." पुढे त्याचा मुलगा खेळतो, म्हणजे माझा पुतण्या. गोल मारायचे मुलानं, वाचवायचे बापानं, अशी घरातल्या घरात वाटणी.

आणि ओरडायचं मी. गावात माझ्या आवाजाचं नाव आहे. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घरच्या माणसाला हाक मारली की शेजारच्या तीन वावरांतली माणसं "ओ" देतात. सामन्याला दिसले नाही तर पोरं विचारतात, "मोठीमाय काऊन नाई आली?"

त्या वर्षी उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. मुलगा चांगला मिळाला, खामगावच्या रस्त्यावरच्या गावचा. घरची शेती, सरळ स्वभाव, सुपारीचं खांडही न खाणारा. पाया पडण्यात तर असा पुढे, की मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडून झाल्यावर तो आचाऱ्याच्याही पाया पडला. आचारी बिचारा हातातला झारा घेऊन मागे मागे सरकला. आम्ही बायका म्हणालो, संस्कार असावेत तर असे. सोयरीक जुळवताना आम्ही पत्रिका पाहिली, जमीन पाहिली, विहिरीला पाणी किती ते वाकून पाहिलं. मुलगा त्यांच्या गावच्या संघाचा गोलकीपर आहे, एवढं पाहायचं राहिलं.

पावसाळ्यात आमच्याकडे चार गावांची स्पर्धा असते. प्रत्येक गावाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या. वरचे दोन संघ खामगावला अंतिम सामन्याला जातात. जावयाच्या गावाशी पहिला सामना आमच्याकडे झाला, आणि पुतण्यानं जावयाला तीन गोल मारले. मारले तर मारले, खेळ आहे. पण साळा तो साळाच. तिसऱ्या गोलनंतर त्यानं सगळ्या पोरांना जावयापुढं ओळीनं उभं केलं, आणि पंगतीत वाढतात तसे हात करून सगळे म्हणाले, "घ्या जवाईबापू, धोंड्याचे अनारसे समजा. लाजू नका, मांग आणखी हायेत."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, अनारशांचं ताट द्यायचं, दिवा द्यायचा, कपडे करायचे. तेवढ्या महिन्यापुरता जावई म्हणजे विष्णू. त्या वर्षी श्रावणच अधिक आला होता आणि लेकीचा हा पहिला धोंडा. मी तर आधीच अनारशांचे तांदूळ कोणत्या डब्यात भिजवायचे ते ठरवून बसले होते.

जावई त्या दिवशी कोणाला उलटून बोलला नाही. घरी आला, माझ्या पाया पडला, दिराच्या पाया पडला, आणि चप्पल घालता घालता शांतपणे म्हणाला, "मामीजी, पुढचा सामना आमच्या गावी हाये. तोही हरलो, तर धोंड्याले येत नाई."

मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत निवेल. पण लेकीचा फोन आला. "आई, हे बोलले की बोलले. माह्या दोघी जावा आपापल्या माहेराहून अनारसे घेऊन येतीन, अन् म्या काय सांगू? गोल खाल्ले म्हणून घरीच राह्यली?"

तिच्या आवाजात जे होतं, ते आईला ओळखू येतं. लग्नाला दोन-तीन महिने झालेली पोर. सासरी अजून माठ कुठला, रांजण कुठला ते पाहून पाणी घेते. पहिल्याच सणाला नवरा रुसला की ते रुसणं आयुष्यभर दर सणाला ताटाशेजारी येऊन बसतं. मी पाहिलंय तसं, आमच्याच भावकीत.

मग काय, पोरांना सांगायचं की बाबांनो हरा? तेही जमेना. ते गाव स्पर्धेतून आधीच बाहेर झालं होतं, पण आमचं सगळं त्या शेवटच्या सामन्यावर लटकलं होतं. जिंकलो किंवा बरोबरी झाली तर खामगाव. हरलो तर घर. आणि दीर रोज सकाळी ओसरीवर बसून गुडघ्यांना मोहाचं तेल चोळत होता. एवढ्या वर्षांत त्याचा संघ खामगावला एकदाही पोचला नव्हता. "वहिनी," मला म्हणाला, "यंदा गुडघे म्हणून राह्यले, आता बस. म्हणलं, एक डाव खामगाव दाखोतो तुमाले, मंग घरी बसा."

म्हणजे आम्ही जिंकलो तर जावई गेला, ते जिंकले तर खामगाव गेलं. मी हे भाकरी थापता थापता सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बरोबरीशिवाय मार्ग नव्हता. कोणाला सांगायचीही सोय नव्हती. संघाची सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी बाई मनातून जिंकू नका म्हणते, हे कळलं असतं तर पोरांनी मला टेम्पोत घेतलं नसतं.

टेम्पोचं आणखी वेगळंच. आदल्या दिवशी त्यातून लाल मिरचीची पोती गेली होती. वर ताडपत्री बांधलेली, खाली आम्ही सगळे. मोताळा मागे पडेपर्यंत पूर्ण संघ शिंकत होता. उतरलो तेव्हा एकेकाचे डोळे कुंकवासारखे लाल, नाकं गळतायत. मैदानाच्या कडेला विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, मोठी काळी छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमच्या पोरांना नीट पाहून घेतलं.

"काय व ईनबाई," म्हणाल्या, "पोरं आतापासूनच रडून राह्यली?"

"रडत नाईत," मी म्हणाले. "जवाईबापूवर गोल मारा लागीन म्हणून जीव तुटून राह्यला त्यायचा."

विहीणबाई हसल्या. बाई तशी दिलदार, फक्त तोंडाला खीळ नाही. आधी घरी चला, चहा घ्या, असा आग्रह केला. मी नको म्हणाले. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी पाळत नाही, पण माझ्या आईनं पाळली म्हणून माझ्याही घशाखाली उतरत नाही. "मंग राह्या तहानल्या," विहीणबाई म्हणाल्या, "पण छत्रीत तर या. छत्रीले काही रीत नाई."

तर असे आम्ही दोन संघांचे दोन पाठीराखे एकाच छत्रीत. छत्रीची एक काडी मोडलेली होती, आणि ती नेमकी माझ्या बाजूला होती.

सामना सुरू झाला. पाऊस असा की मैदान कुठं संपलं आणि शेजारचं बरबटीचं वावर कुठं लागलं ते कळत नव्हतं. माझी लेक पदर डोक्यावर घेऊन नवऱ्याच्या गोलच्या मागं उभी होती. एकीकडं नवरा, एकीकडं चुलता आणि भाऊ. बिचारी टाळीसुद्धा वाजवू शकत नव्हती, वाजवली तर कोणासाठी ते विचारलं असतं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले होते.

पुतण्यानं सुरुवातीलाच एक जोराचा मारला. जावई आडवा झाला आणि त्यानं तो बोटांनी बाहेर काढला. मी सवयीनं "अरे हाण" म्हणून ओरडले होते, आणि वाचल्यावर माझ्याच तोंडून सुटकेचा श्वास निघाला. विहीणबाईंनी वळून पाहिलं.

"दमा हाये काय तुमाले?"

"गार हवा लागून राह्यली," मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांच्या पोरानं मारला. दिरानं गोलच्या तोंडातून तो पोटानं अडवला. पोटाचा काही उपयोग नाही असं जाऊबाई म्हणायची, तिनं ते पाहायला पाहिजे होतं. चेंडू पोटावर आपटला त्याचा आवाज आम्हाला इथवर ऐकू आला. दीर दोन पावलं मागे सरकला, ढेकर दिली आणि परत आपल्या जागेवर उभा राहिला. मी पुन्हा श्वास सोडला. शून्य-शून्य. चालू द्या मारोतीराया, असंच चालू द्या.

मध्यंतर झालं तोवर माझं सगळं हिशेबात चाललं होतं. पोरं चिखलानं अशी माखली की कोण आपलं, कोण त्यांचं, हे फक्त शिंकण्यावरून कळत होतं. शिंकला तो आपला.

मग दुसऱ्या अर्ध्यात घात झाला. त्यांच्या एका पोरानं लांबून, काही मनात नसताना, चेंडू नुसता ढकलला. आमचा गोलकीपर उचलायला वाकला आणि चेंडू त्याच्या हाताशी यायच्या आधी डबक्यात थांबला. नुसता थांबला, म्हैस बसावी तसा. आमचा गोलकीपर त्याच्याकडे पाहत राहिला, की येतोय आता. तेवढ्यात त्यांचा दुसरा पोरगा धावत आला आणि त्यानं डबकं, चेंडू आणि आमच्या गोलकीपरचा एक बूट असं सगळं एकदम आत लाथाडलं.

एक-शून्य. गाव नाचायला लागलं. विहीणबाई नाचल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाईट वाटून नका घेऊ ईनबाई. पोरं मेहनती हायेत तुमची."

याच्यापेक्षा त्या नाचल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माझं पारडं उलटं झालं. जावई तर आला धोंड्याला, पण मागे दिराचे तेल चोळलेले गुडघे दिसत होते. दोन्ही हातांनी कमरेला धरून तो उभा होता, आणि ओल्या बनियनमधून त्याची पाठ खाली गेलेली दिसत होती. मग मी खरी ओरडले. त्याआधी मी तोंडदेखलं ओरडत होते हे तेव्हा मलाच कळलं. मैदानाच्या पलीकडे एक कुत्रं उठून निघून गेलं.

"आता निघाला तुमचा आवाज," विहीणबाई म्हणाल्या. "मले वाटलं मोताळ्यातच राह्यला."

पण जावई त्या दिवशी कोणाचं ऐकायला तयार नव्हता. पुतण्यानं डावीकडून मारला, त्यानं धरला. उजवीकडून मारला, गुडघ्यानं काढला. पुतण्या एकदा अगदी जवळून मारायला गेला तर जावयानं त्याच्या पायातून चेंडू असा उचलला, जसं लहान पोराच्या हातातून कोणी कात्री काढून घेतं. "लहानपणी लोणी खाऊ घातलं त्याले," विहीणबाई दर वेळी सांगत. सहा-सात वेळा सांगितलं. एवढं लोणी त्यांच्या घरी होतं तर लग्नात तूप कमी का पडलं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

सामना संपत आला. पंच होते तिसऱ्या गावच्या शाळेतले गुरुजी. त्यांनी घड्याळ पुसून पाहिलं. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यावरून चेंडू मारायचा. आणि मी पाहिलं, दीर निघाला. ज्या माणसानं कधी मधली रेघ ओलांडली नाही, तो पार त्यांच्या गोलपर्यंत चालत गेला. धावत नाही, चालत. बैलाला पाणी पाजायला न्यावं तसं तो स्वतःच्या गुडघ्यांना घेऊन गेला, आणि जावयासमोर जाऊन उभा राहिला.

चेंडू आला. सगळे उडाले, दीरही उडाला, म्हणजे टाचा वर केल्या. जावई सगळ्यांच्या वर गेला आणि त्यानं चेंडू हवेत दोन्ही हातांनी स्वच्छ झेलला. झेल पक्का होता, त्यात काही खोट नाही. पण खाली येताना त्याचा गुडघा दिराच्या छातीत बसला आणि दीर चिखलात उताणा पडला.

जावयानं खाली पाहिलं. चुलत सासरा. त्याला आपला पाय लागला.

मग त्यानं काय करावं? त्यानं चेंडू हळूच बाजूला, जमिनीवर ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि वाकून दिराच्या पायांना हात लावला. "चुकलं काकाजी."

दिरानं पडल्या पडल्या हात वर केला. "असू दे बावा, सुखी राह्य."

आणि पुतण्यानं तो ठेवलेला चेंडू पायानं आत सरकवला.

मग एकदम सगळं गाव मैदानात उतरलं. "हा कोणता गोल? माणूस पाया पडून राह्यला अन् तुम्ही गोल मारता?"

गुरुजींच्या शिट्टीत पाणी गेलं होतं. त्यांनी ती झटकली आणि म्हणाले, "शिट्टी वाजली काय? नाई वाजली. शिट्टी वाजत नाई तवरिक खेळ चालू."

"मंग सासऱ्याच्या पाया पडू नये काय माणसानं?"

"पडा ना," गुरुजी म्हणाले, "मी कुठी नाई म्हणलं? चेंडू घेऊन पडा. अन् गुडघा कोणी मारला? ते पाहाले गेलो तर पेनल्टी द्या लागीन."

तोवर दीर उठून बसला होता. छाती चोळत तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, गोल कापा. असा नको आपल्याले."

पुतण्या बापाकडं वेड लागल्यासारखा पाहायला लागला. "बाबा, खामगाव," एवढंच म्हणाला.

"मले माहीत हाये खामगाव कुठी हाये," दीर म्हणाला. "पण पोरानं पाया पडावं अन् आपण आशीर्वाद देता देता त्याचं लुटावं, हे मले नाई जमत."

गुरुजींनाही काय करावं कळेना. त्यांनी जावयाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लेक गोलच्या मागून जाळी धरून पाहत होती. जावयाच्या तोंडावरून चिखल ओघळत होता. जिंकलेला सामना, बोललेला शब्द, अनारसे, त्याच्या मनात काय काय फिरलं असेल ते त्यालाच माहीत. तो म्हणाला, "चेंडू म्याच खाली ठेवला. कोणी ठेव म्हणलं नव्हतं. गोल हाये, गुरुजी."

आणि चेंडू उचलून मैदानाच्या मध्यावर घेऊन गेला. त्यानंतर एवढंच खेळले, की गुरुजींना शिट्टी नीट वाजवून दाखवता आली. एक-एक.

विहीणबाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "माहेच संस्कार नडले."

"ईनबाई," मी म्हणाले, "हे लोण्यानं नाई होत."

त्या छत्री माझ्या हातात देऊन कुठंतरी गेल्या आणि पदराखाली झाकून कपबशी घेऊन आल्या. माझे दात वाजत होते. मी रीत सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "हे काही लेकीचं घर नाई. ग्रामपंचायतीचं मैदान हाये. प्या चुपचाप." मी प्याले. आलं जरा जास्त होतं, पण ते मी बोलले नाही.

एवढं झालं तरी जावई येतो म्हणाला नव्हता. हरला नव्हता, पण जिंकताही आलं नव्हतं, आणि ज्या तऱ्हेनं ते झालं त्यावर माणूस रुसायचा म्हटला तर जन्मभर रुसू शकतो. मी धोंड्याच्या दिवशी पहाटेपासून पुरण वाटलं, पण कान रस्त्याकडे. कणीक दोनदा सैल झाली. दीर ओसरीवर बसून होता, छातीला हळद लावलेली. पुतण्या चारदा येऊन "आले काय?" विचारून गेला. त्याचाही जीव टांगलेला होता, कारण जावई आला नाही तर गावानं त्यालाच धरलं असतं.

उन्हं वर आल्यावर ते आले. पुढं लेक, मागं छत्रीसकट विहीणबाई, आणि त्यांच्या मागं जावई. दारात आल्यावर तो माझ्या पाया पडायला आला, आणि वाकायच्या आधी हातातली थैली त्यानं लेकीच्या हातात दिली, ती नीट धरली का पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि मग वाकला. दीर इतका हसला की छाती धरून त्याला खांबाला टेकावं लागलं. मग जावई त्याच्याकडे वळला तर त्यानं दोन्ही पाय उचलून बाजेवर घेतले. "नाई बावा. तुह्यं पाया पडणं मले परवडत नाई."

जावयाला पाटावर बसवलं. मी धोंडे वाढले, त्यावर तूप घातलं. दुसरा धोंडा संपत आला तेव्हा पुतण्या दारात आला. काखेत फुटबॉल, मान खाली. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या पाया पडायचं असतं, लहानांनीही आणि थोरांनीही, ते त्याला आईनं बजावून पाठवलं होतं. जावयासमोर येऊन तो उभा राहिला, वाकायला अडचण झाली म्हणून त्यानं फुटबॉल खाली ठेवला, आणि वाकला.

जावयानं हातातला घास ताटात ठेवला, पाटावर बसल्या बसल्या पाय लांब केला आणि चेंडूला असा टोला दिला, की तो दाराच्या चौकटीतून सरळ बाहेर गेला आणि ओसरीवर वाळत ठेवलेल्या विहीणबाईंच्या छत्रीवर जाऊन आपटला.

पुतण्या वाकलेलाच राहिला. "हे काय झालं, दाजी?"

जावयानं बाजेकडे पाहिलं. "काकाजी?"

दीर विचार करायला लागला, अगदी गुरुजींसारखं तोंड करून. "शिट्टी तर वाजली नव्हती," म्हणाला. "गोल हाये."

लेक कितीतरी दिवसांनी पदरात तोंड न लपवता हसली. विहीणबाई बाहेर जाऊन छत्री उचलून पाहत होत्या. आता तिच्या दुसऱ्या बाजूचीही एक काडी मोडली होती, आणि पुढच्या आठवड्यात खामगावला आम्ही दोघी त्याच छत्रीत उभ्या राहणार होतो. मी जावयाला तिसरा धोंडा वाढला. तो नको म्हणाला नाही.